लिहून देणार, लिहून घेणार

तहसील कचेरीसमोर, अंबड.
कडुनिंबाखाली पत्र्याची टपरी, एक कम्प्युटर,
लाइट गेली की जुना टायपरायटर.
मी एस्तेर शांतवन पाटोळे, दस्तलेखक,
बावीस वर्षं लोकांचं बोलणं कागदावर बसवते.

लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक,
कारणे करारनामा लिहून देतो की –
इथवर बोटं आपोआप जातात.
पुढं माणसं सुरू होतात.
विहिरीत आठ आणे हिस्सा, मोटार पाळीपाळीनं,
बांधावरच्या बाभळीचं मात्र लिहू नका बाई,
तिच्यावरूनच तर फाटलंय आमचं.

रविवारी देवळात गमलिएल पाळक तोच शब्द उच्चारतात, करार,
आणि मला मुद्रांकाचा वास येतो.
हसू नका, बाकावर बसून मी खरंच तपासते:
देणार कोण, घेणार कोण, साक्षीदार किती.
तारवातून उतरलेल्याला दिलेला शब्द,
पुन्हा पाण्यानं बुडवणार नाही;
आमच्याकडं नळ बारा दिवसांनी येतो,
या ओळीला मागं कुणीतरी हमखास खोकतं.

एकदा पाळक म्हणाले, मूळ भाषेत
करार करत नाहीत, कापतात.
देऊळ गप्प.
मग सगुणाकाकू मागून:
त्यात काय नवल, सुपारी फोडल्याबिगर
सोयरीक जुळलीय का कधी आपल्यात?

तर कापलेलं जनावर. कालवड, शेळी, मेंढा,
समोरासमोर मांडलेले अर्धे अर्धे,
गिधाडं हाकून हाकून थकलेला तंबूवाला म्हातारा.
वारसांची नावं लिहायला कागद नाही,
वर बघ म्हणाला, मोज.
दिवस बुडाला. म्हाताऱ्याला गाढ झोप लागली.
आणि त्या तुकड्यांमधून
धुराची शेगडी, पेटता पलिता,
एकटाच चालत गेला देणारा.

असला दस्त माझ्याकडं आला असता
तर मी परत केला असता.
घेणाऱ्याचा अंगठा कुठंय?

हे मी जुबेदाआपांना सांगितलं.
शेजारच्या टपरीत त्या मुद्रांक विकतात,
त्यांचे आजोबा निजामाच्या दफ्तरात मोहरीर होते.
पाचशेचा कागद मोजता मोजता म्हणाल्या,
करार तो हमारे इधर का लफ्ज है, एस्तेर.
करार म्हणजे चैन.
जीव ठिकाणावर येणं.
जिसकू ये नै, वो बेकरार.

बावीस वर्षं मी हा शब्द टाइप करतेय.
कलम एक, कलम दोन, येणेप्रमाणे.
कुणाचा जीव ठिकाणावर आला का,
कधी विचारलं नाही.

म्हणजे म्हातारा झोपला ते बरोबरच होतं.
त्याला करार मिळाला होता.
आणि आपल्या बोलीत तर आधीपासूनच आहे की,
शब्द पाळणाऱ्याला आपण म्हणतो,
तो शब्दाला जागला.

माझ्याही लग्नात एक माणूस
भरल्या देवळात, दोन साक्षीदारांपुढं
होय म्हणाला होता. एवढंच. एक अक्षर आणि अर्धं.
तो आता सुरतेला असतो. झोपत असेल.
मी रात्री कचेरीच्या घड्याळाचे ठोके मोजते,
दोन, तीन,
आणि कुणाच्या शब्दाला जागतेय
ते नक्की सांगता येत नाही.

गुरुवारी ते दोघे भाऊ परत आले.
थोरला म्हणाला, बाभूळ पण घ्या लिहून.
कुणाची म्हणून लिहू?
त्यानं धाकट्याकडं पाहिलं,
धाकट्यानं चपलेकडं.
बाहेर कुणीतरी चहाचे ग्लास विसळत होतं.
मी तेवढी जागा
मोकळी सोडून
पुढची ओळ घेतली.